एका बिटाचीही चूक माफ नाही: सी भाषेत एसएचए-२५६ स्वतः लिहिताना

सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत माझ्या मामांची चादरींची शेड आहे. सहा माग, त्यातल्या दोनांवर इलेक्ट्रॉनिक जॅकार्ड. नक्षी संगणकावर तयार होते, पेनड्राइव्हवर उतरते आणि तिथून मागाच्या कंट्रोलरवर चढते. एका मे महिन्यात फाइल उतरत असताना वीज गेली. अर्धवट फाइल तशीच मागावर चढली आणि मोराला मान फुटली, पण डोकं फुटलं नाही. अकरा चादरी निघाल्यावर कुणाच्या तरी लक्षात आलं. त्या बिनडोक्याच्या मोराच्या चादरी आजही आमच्याकडे पाहुण्यांच्या अंगावर असतात.

मामा म्हणाले, "अरे, फाइल पूर्ण उतरली का नाही, हे माग चालू करायच्या आधी कळायला काय तरी असेल की." असतं. त्याला हॅश म्हणतात, आणि एसएचए-२५६ ही तो काढायची एक रीत. फाइल कितीही मोठी असो, तिच्यातून ठरावीक लांबीची एक खूण निघते. फाइलमधला एक बिट जरी बदलला तरी खूण ओळखू येणार नाही इतकी बदलते.

माझा एक मित्र लगेच म्हणाला, "तयार प्रोग्रॅम आहेत की बे, तू कशाला लिहितोस?" खरं आहे. विंडोजवर सर्टयुटिल आहे, लिनक्सवर एसएचए२५६सम आहे. रोजच्या कामाला तेच वापरावं, आणि गंभीर कामाला नावाजलेली लायब्ररी. पण सी शिकणाऱ्यानं एकदा तरी हॅश स्वतः लिहावा असं माझं मत आहे. जेमतेम दीडशे ओळींचं काम, आणि सी भाषेत जिथं जिथं पाय घसरतो त्या बहुतेक सगळ्या जागा या दीडशे ओळींत भेटतात.

एक गोष्ट मात्र आधीच मनाशी धरा. मागावर उभा धागा तुटला तर कापडावर नेमकी त्याच जागी रेघ उमटते. कारागीर बघतो आणि बोट ठेवतो. हॅशमध्ये याच्या उलट होतं. चूक पहिल्या पायरीत असो की शेवटच्या, उत्तराचे बहुतेक सगळे अंक बदलतात. चुकलेलं उत्तर आणि बरोबर उत्तर दिसायला सारखंच, दोन्ही चौसष्ट अंकांचा गोंधळ. "जवळपास बरोबर" असं काही नसतंच. म्हणून सगळं लिहून शेवटी चालवून बघायची सवय इथं कामाची नाही. प्रत्येक तुकडा लिहायचा, तिथल्या तिथं तपासायचा आणि मगच पुढं जायचं. खाली प्रत्येक पायरीला तपासणीचा आकडा दिलाय तो त्यासाठीच.

एसएचए-२५६च का

एमडी५ या जुन्या हॅशची व्याख्या १९९२ साली प्रसिद्ध झाली. २००४ साली चिनी संशोधक वांग श्याओयुन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकच हॅश देणारे दोन वेगवेगळे मजकूर काढून दाखवले. १९९५ च्या एसएचए-१ ची पाळी फेब्रुवारी २०१७ मध्ये आली: ॲमस्टरडॅमची सीडब्ल्यूआय ही संस्था आणि गूगल यांनी दोन वेगळ्या पीडीएफ फाइलींचा एकच हॅश जगापुढं ठेवला. एसएचए-२ हे कुटुंब अमेरिकेच्या एनएसए या गुप्तहेर संस्थेनं रचलं आणि तिथल्याच एनआयएसटी या मानक संस्थेनं २००२ साली मानक म्हणून जाहीर केलं. एसएचए-२५६ त्यातलाच, आणि पूर्ण चौसष्ट फेऱ्यांसह तो आजपर्यंत कुणाला फोडता आलेला नाही. मानकाचं नाव फिप्स १८०-४. छोटा, स्वच्छ दस्तऐवज आहे. शेजारी उघडा ठेवा.

खालच्या सूत्रांत मी नावं मराठीत ठेवली आहेत. कम्पायलरला देताना तुम्हाला सोयीची रोमन नावं द्या.

पहिली पायरी: टाइप

इथं घाई करू नका. निम्म्या चुका इथंच जन्माला येतात.

एसएचए-२५६ मधला प्रत्येक शब्द ३२ बिटांचा असतो आणि बेरीज ३२ बिटांतच होते. वर सांडलेला हातचा सोडून द्यायचा. सी भाषेत यूइंट३२_टी हा टाइप नेमकं हेच करतो. तो एसटीडीइंट या हेडरमध्ये मिळतो. साधा इंट घेऊ नका. चिन्ह असलेल्या संख्येची बेरीज मर्यादेबाहेर गेली तर काय व्हावं, हे सी चं मानक सांगतच नाही. कम्पायलर असं धरून चालतो की असं कधी होणारच नाही, आणि त्या भरवशावर तुमचा कोड वाटेल तसा बदलतो. ऑप्टिमायझेशन बंद असताना उत्तर बरोबर आणि चालू केल्यावर चूक, असं दिसलं तर आधी इथं बघा.

बाइटसाठी यूइंट८_टी घ्या, सी चा 'चार' (कॅरेक्टर) हा टाइप नको. आपल्या लॅपटॉपवर चार हा सहसा चिन्हासहित असतो, म्हणजे १२७ च्या वरचा बाइट तो उणे समजतो. इंग्रजी मजकुराचे बाइट १२७ च्या आतच असतात, त्यामुळं तपासणीत काहीच कळत नाही. देवनागरीत मात्र प्रत्येक अक्षराचे तिन्ही बाइट १२७ च्या वर असतात. "स" म्हणजे यूटीएफ-८ मध्ये २२४, १६४, १८४. म्हणजे इंग्रजी नावांना हॅश बरोबर आणि "सोलापूर" लिहिलं की चूक. त्यात भर म्हणजे एआरएम चिपवरच्या लिनक्समध्ये चार बहुतेक वेळा बिनचिन्हाचा असतो, तिथं तोच प्रोग्रॅम बिनबोभाट चालतो. रास्पबेरी पायवर बरोबर आणि लॅपटॉपवर चूक, अशा भुताच्या मागे मी एक अख्खा रविवार घालवलाय.

आता चार बाइट जोडून एक शब्द करायचा. एसएचएमध्ये मोठा, म्हणजे वरच्या स्थानाचा, बाइट आधी येतो. आपले इंटेल-एएमडी प्रोसेसर मात्र मेमरीत लहान बाइट आधी ठेवतात. त्यामुळं पॉइंटरचा टाइप बदलून चार बाइट थेट उचलायचा मोह टाळा. सरळ जोडा:

शब्द = (ब[०] << २४) | (ब[१] << १६) | (ब[२] << ८) | ब[३]

सरकवण्याआधी प्रत्येक बाइटला यूइंट३२_टी चा कास्ट लावायचा. तो विसरलात तर बाइट आधी इंट होतो, आणि १२८ किंवा त्याहून मोठा बाइट २४ घरं सरकवला की पुन्हा तोच मर्यादेबाहेरचा घोळ. असा जोडलेला शब्द कुठल्याही प्रोसेसरवर सारखाच निघतो. यंत्र कोणत्या बाजूनं बाइट ठेवतं हे विचारावंच लागत नाही.

तपासणी: ९७, ९८, ९९, १२८ हे चार बाइट जोडा. हेक्समध्ये, म्हणजे ० ते ९ आणि ए ते एफ अशा सोळा अंकांच्या पद्धतीत, ६१ ६२ ६३ ८० आलं पाहिजे.

दुसरी पायरी: सहा छोटी फंक्शनं

आधी फिरवणं. उजवीकडून बाहेर पडलेले बिट डावीकडून आत घ्यायचे:

फिरव(श, न) = (श >> न) | (श << (३२ - न))

इथं न कधीही शून्य किंवा ३२ नसावा, कारण ३२ बिटांचा शब्द ३२ घरं सरकवणं सी मध्ये बेकायदा आहे. एसएचए-२५६ मध्ये असा प्रसंग येतच नाही, म्हणून वेगळी अट घालायची गरज नाही. फिरवण्यासाठी असेंब्लीत उतरायचीही गरज नाही. जीसीसी आणि क्लँग दोघंही ही रचना ओळखतात आणि तिची एकच मशीन-सूचना बनवतात.

पुढची सहा:

मोठा०(श) = फिरव(श, २) ^ फिरव(श, १३) ^ फिरव(श, २२)
मोठा१(श) = फिरव(श, ६) ^ फिरव(श, ११) ^ फिरव(श, २५)
छोटा०(श) = फिरव(श, ७) ^ फिरव(श, १८) ^ (श >> ३)
छोटा१(श) = फिरव(श, १७) ^ फिरव(श, १९) ^ (श >> १०)
निवड(च, छ, ज) = (च & छ) ^ (~च & ज)
बहुमत(क, ख, ग) = (क & ख) ^ (क & ग) ^ (ख & ग)

छोट्या दोघांत शेवटचा तुकडा फिरवलेला नाही, नुसता सरकवलेला आहे. इथं हात सवयीनं "फिरव" टाइप करतो, सांभाळा. निवड समजायला सोपी आहे: च चा बिट १ असेल तिथं छ चा बिट घ्या, ० असेल तिथं ज चा. बहुमत म्हणजे तिघांपैकी दोघं म्हणतील ते. ही दोन मॅक्रोनं लिहिणार असाल तर प्रत्येक नावाभोवती कंस घाला. मी साधी स्टॅटिक इनलाइन फंक्शनं लिहितो आणि शांत झोपतो.

तपासणी: छोटा१(२४) चं उत्तर ९८३०४० आलं पाहिजे. हे कागदावरही करून बघता येतं. २४ मध्ये बिट क्रमांक ३ आणि ४ पेटलेले आहेत. १७ घरं फिरवले की ते १८ आणि १९ वर जातात, १९ घरं फिरवले की १६ आणि १७ वर, आणि १० घरं सरकवले की नाहीसे होतात. राहिले १६ ते १९ हे चार बिट, म्हणजे १५ गुणिले ६५५३६. दुसरी तपासणी: मोठा०(१७७९०३३७०३) = ३४५८२४९८५४. हे दोन्ही जुळल्याशिवाय पुढं जाऊ नका.

तिसरी पायरी: स्थिरांक

सुरुवातीचे आठ शब्द आणि फेऱ्यांचे चौसष्ट स्थिरांक लागतात. बहुतेक जण ते कुठून तरी कॉपी करतात. हातानं टाइप केलेत तर चौसष्टातला एक तरी चुकणारच, आणि तो कुठला हे उत्तर बघून कधीच कळणार नाही. त्यापेक्षा ते स्वतःच काढा. ते आकाशातून पडलेले नाहीत.

पहिल्या आठ मूळ संख्यांची, म्हणजे २ पासून १९ पर्यंतची, वर्गमुळं घ्या. पूर्णांक टाकून द्या, दशांशाचा भाग ४२९४९६७२९६ नं, म्हणजे २ च्या ३२ व्या घातानं गुणा आणि पुन्हा पूर्णांकच ठेवा. २ चं वर्गमूळ १.४१४२१३५६..., त्यातून निघतो १७७९०३३७०३. वरच्या तपासणीतला आकडा हाच होता. आठही शब्द असे:

१७७९०३३७०३, ३१४४१३४२७७, १०१३९०४२४२, २७७३४८०७६२, १३५९८९३११९, २६००८२२९२४, ५२८७३४६३५, १५४१४५९२२५

फेऱ्यांच्या स्थिरांकांना हीच रीत, फक्त पहिल्या चौसष्ट मूळ संख्या आणि घनमुळं. चौसष्टावी मूळ संख्या ३११. डबल टाइपला ५३ बिटांची अचूकता असते आणि आपल्याला पस्तीसच्या आसपास पुरतात, त्यामुळं मॅथ लायब्ररीतलं घनमुळाचं फंक्शन बिनधास्त वापरा. वेगळा छोटा प्रोग्रॅम लिहून चौसष्ट आकडे छापून घ्या आणि मूळ कोडमध्ये ॲरे म्हणून चिकटवा. पहिला १११६३५२४०८ आणि शेवटचा ३३२९३२५२९८ आला की मधलेही बरोबर आहेत असं समजायला हरकत नाही.

असे आकडे का निवडले? रचणाऱ्यानं स्वतःच्या मनानं आकडे घातले असते तर "यात काही चोरवाट ठेवलीय का" ही शंका राहिली असती, आणि रचणारी एनएसए असल्यावर तर नक्कीच. मूळ संख्यांची मुळं कुणीही काढून बघू शकतो.

चौथी पायरी: पॅडिंग

हॅश ६४ बाइटांच्या ब्लॉकवर काम करतो. मजकूर बरोबर ६४ च्या पटीत बसवण्यासाठी शेपूट लावावं लागतं: आधी १२८ हा एक बाइट, मग लागतील तितकी शून्यं, आणि शेवटच्या आठ बाइटांत मूळ मजकुराची लांबी, बिटांमध्ये, मोठा बाइट आधी.

रोमन छोटी ए-बी-सी ही तीन अक्षरं घ्या: ९७, ९८, ९९. मग १२८, मग ५२ शून्यं, मग आठ बाइटांत २४. एकूण ६४. "सोलापूर" मध्ये काना, मात्रा, उकार वेगळे मोजून सात कोड आहेत, प्रत्येकी तीन बाइट, म्हणजे २१ बाइट आणि १६८ बिट. १२८ नंतर ३४ शून्यं लागतील.

माझी सगळ्यात लाजिरवाणी चूक याच पायरीतली. मजकूर ५५ बाइटांपर्यंत असेल तर शेपूट त्याच ब्लॉकमध्ये मावतं. ५६ ते ६३ बाइट असतील तर १२८ साठी जागा उरते, पण लांबीचे आठ बाइट मावत नाहीत, म्हणून अख्खा एक जादा ब्लॉक लागतो. मी ही अट लिहिलीच नव्हती. ए-बी-सी बरोबर आलं, रिकामा मजकूर बरोबर आला, मामांच्या चार फाइली बरोबर आल्या. पाचवी जुळेना. पेनड्राइव्ह बदलला, केबल बदलली, मामांनी वीज मंडळाला दोन शब्द ऐकवले. त्या फाइलची लांबी ६४ नं भागल्यावर बाकी ५८ उरत होती. अशा बाक्या ६४ पैकी ८ असतात, म्हणजे साधारण आठातली एक फाइल चुकणार आणि बाकीच्या सात तुम्हाला निश्चिंत ठेवणार.

म्हणून ५५, ५६, ६३, ६४ आणि ६५ बाइटांचे मजकूर हातानं बनवून तपासाच. आणि लांबी यूइंट६४_टी मध्ये ठेवा. ३२ बिटांत ठेवली तर ५१२ एमबीच्या फाइलवर बिटांचा आकडा भरून पुन्हा शून्यावर येतो.

पाचवी पायरी: ताणा

विणायच्या आधी ताणा भरतात, तसंच इथं आहे. ब्लॉकमधून सोळा शब्द थेट मिळतात. त्यांच्यापासून चौसष्ट करायचे. १६ पासून ६३ पर्यंत:

ताणा[फ] = छोटा१(ताणा[फ-२]) + ताणा[फ-७] + छोटा०(ताणा[फ-१५]) + ताणा[फ-१६]

तपासणीसाठी ए-बी-सीचाच ब्लॉक. ताणा[१६] हा ताणा[०] इतकाच येतो, ६१ ६२ ६३ ८०, कारण सूत्रातली बाकीची तीनही पदं शून्य होतात. ताणा[१७] येतो ९८३०४०. पुन्हा आपलं छोटा१(२४), कारण ताणा[१५] मध्ये लांबीचे २४ बसले आहेत. १५ च्या जागी १४ किंवा ७ च्या जागी ८ लिहिलं गेलं असेल तर हे दोन आकडे तरीही बरोबरच येतात, म्हणून सूत्राची ओळ मानकाशी एकदा बोट ठेवून ताडून बघा.

अगदी छोट्या मायक्रोकंट्रोलरवर २५६ बाइटांचा ताणाही जड होतो. तिथं सोळाच शब्दांचा ॲरे ठेवून जुन्या शब्दाच्या जागी नवा लिहीत गेलं तरी चालतं, कारण सूत्र सोळाच्या मागं कधी जात नाही. पहिल्यांदा लिहिताना हा शहाणपणा करू नका.

सहावी पायरी: चौसष्ट फेऱ्या

सुरुवातीचे आठ शब्द क, ख, ग, घ, च, छ, ज, झ या आठ चलांत घ्या. प्रत्येक फेरीत (फ म्हणजे फेरीचा क्रमांक, ० ते ६३):

त१ = झ + मोठा१(च) + निवड(च, छ, ज) + स्थिर[फ] + ताणा[फ]
त२ = मोठा०(क) + बहुमत(क, ख, ग)
झ = ज
ज = छ
छ = च
च = घ + त१
घ = ग
ग = ख
ख = क
क = त१ + त२

ओळींचा क्रम हाच ठेवा, शेवटून पुढं. गड्ड्याच्या जत्रेतल्या रांगेसारखं आहे: शेवटचा बाहेर पडल्यावरच मागचा सरकतो. वरून सुरुवात केलीत तर क चीच किंमत सगळ्यांत भरत जाते.

आता खरी तपासणी. ए-बी-सीच्या ब्लॉकवर पहिल्या फेरीनंतर, हेक्समध्ये:

क = ५डी ६ए ईबी सीडी
च = एफए २ए ४६ २२

दुसऱ्या फेरीनंतर:

क = ५ए ६ए डी९ एडी
च = ७८ सीई ७९ ८९

दोन फेऱ्या जुळल्या तर फेरीतली फंक्शनं, क्रम आणि पहिले दोन स्थिरांक बरोबर. पुढच्या सगळ्या फेऱ्यांच्या किमती एनआयएसटीनं उदाहरण म्हणून प्रसिद्ध केल्या आहेत. प्रत्येक फेरीनंतर आठही शब्द छापून दोन्ही याद्या शेजारी धरा. जी ओळ पहिल्यांदा फुटते तिथं चूक. मागावर बोट ठेवता येतं तसं इथं बोट ठेवायचा हा एकमेव मार्ग आहे. सोळाव्या फेरीपर्यंत सगळं जुळून सतराव्याला फुटलं तर दोष फेरीत नाही, ताण्याच्या सूत्रात आहे. पहिल्या सोळा फेऱ्या ताण्याचे थेट शब्द वापरतात.

चौसष्ट फेऱ्या संपल्या की आठ चलांतल्या किमती सुरुवातीच्या आठ शब्दांत मिळवायच्या. त्यांची जागा घ्यायची नाही, बेरीज करायची. ही ओळ विसरणारे खूप आहेत. ती शोभेची नाही: प्रत्येक फेरी उलट फिरवता येण्यासारखी आहे, आणि ही शेवटची बेरीजच परतीची वाट बंद करते. मिळालेले आठ शब्द पुढच्या ब्लॉकची सुरुवात होतात. ब्लॉकला ब्लॉक जोडत जाण्याची ही रचना मर्कल आणि दामगार्ड यांच्या नावानं ओळखली जाते; ती सुरक्षित असल्याचं दोघांनी १९८९ साली स्वतंत्रपणे सिद्ध केलं.

सातवी पायरी: फाइल तुकड्या-तुकड्यानं

अख्खी फाइल मेमरीत घेणं बरं नव्हे. एक स्ट्रक्चर करा: आठ शब्द, ६४ बाइटांचा साठा, साठ्यात किती भरलंय तो आकडा, आणि एकूण लांबी. त्यावर तीन फंक्शनं: सुरू, भर, संपव. "भर" मध्ये येतील तसे बाइट साठ्यात टाकायचे, ६४ झाले की ब्लॉक चालवून साठा रिकामा. पॅडिंग फक्त "संपव" मध्ये.

हे तपासायची सोपी युक्ती: एकच मजकूर एकदा पूर्ण द्या, एकदा एकेक बाइट करून द्या आणि एकदा सात-सात करून द्या. तिन्ही हॅश एकच यायला हवेत.

विंडोजवर फाइल उघडताना बायनरी मोड लावा, नाहीतर ओळीच्या शेवटचे बाइट परस्पर बदलतात. आणि लांबीसाठी स्ट्रलेन नको. नक्षीच्या फाइलमध्ये शून्य बाइट असतातच, स्ट्रलेन पहिल्या शून्यापाशी थांबतं. एफरीड किती बाइट वाचले ते सांगतं, तोच आकडा घ्या.

आठवी पायरी: छापणं आणि शेवटचा पडताळा

आठ शब्दांचे ३२ बाइट करा, मोठा आधी, आणि प्रत्येक बाइट दोन हेक्स अंकांत छापा. प्रिंटएफला दोन अंकांची सक्ती आणि पुढं शून्य भरायला सांगितलं नाही तर १० च्या जागी नुसता "ए" छापला जातो आणि हॅश ६३ अंकांचा होतो.

आता हे जुळवा. रिकामा मजकूर: सुरुवात ई३ बी० सी४ ४२, शेवट ७८ ५२ बी८ ५५. ए-बी-सी: सुरुवात बीए ७८ १६ बीएफ, शेवट एफ२ ०० १५ एडी. छोटा "ए" दहा लाख वेळा: सुरुवात सीडी सी७ ६ई ५सी, शेवट सी७ ११ २सी डी०. दहा लाखांची चाचणी टाळू नका, साठ्याच्या हिशोबातल्या चुका तिथंच उघड्या पडतात.

टर्मिनलवर इको वापरून पडताळा घेत असाल तर तो मजकुराच्या शेवटी नव्या ओळीचा एक बाइट गुपचूप जोडतो, हे विसरू नका. प्रिंटएफ ही आज्ञा वापरा. माझ्या ओळखीच्या तीन पोरांनी बरोबर असलेला कोड याच कारणावरून पुन्हा पहिल्यापासून लिहिलाय.

मग जीसीसीचे ॲड्रेस आणि अनडिफाइन्ड हे दोन सॅनिटायझर, म्हणजे प्रोग्रॅम चालताना चुका पकडणारी साधनं, लावून सगळ्या चाचण्या पुन्हा चालवा. पहिल्या पायरीतला कास्ट विसरला असेल तर इथं ओळीच्या क्रमांकासह ओरड होते.

मराठी मजकुराचा एक खास फास

शेडमधल्या गिऱ्हाइकांच्या यादीचा हॅश घेताना दोन संगणकांवर वेगवेगळी उत्तरं आली. पडद्यावर याद्या तंतोतंत सारख्या. कोड तपासला, निर्दोष. दोष "गिऱ्हाईक" मधल्या ऱ चा. युनिकोडमध्ये तो एका कोडनं लिहिता येतो, तीन बाइट. किंवा र आणि खाली नुक्ता अशा दोन कोडांनी, सहा बाइट. शिवाय काही कीबोर्ड र, हलंत आणि न दिसणारा जोडक वापरून हीच आकृती काढतात. डोळ्याला एकच, हॅशला तीन वेगळे मजकूर. ऱ आणि र-नुक्ता ही जोडी युनिकोडच्या एनएफसी नियमानं एकरूप करता येते. जोडकवाली आकृती त्यानंही बदलत नाही, ती आपणच शोधून बदलावी लागते. हे काम हॅशच्या आधी करायचं. हॅश फंक्शननं यात नाक खुपसू नये, त्याला फक्त बाइट कळतात.

कुठं वापरू नये

पासवर्ड साठवायला नको. एसएचए-२५६ वेगवान आहे आणि तोच तिथं अवगुण. त्या कामाला मुद्दाम हळू चालणारे बीक्रिप्ट किंवा आर्गॉन२ आहेत. गुप्त किल्लीपुढं मजकूर चिकटवून त्याचा हॅश "सही" म्हणूनही वापरू नका. शेवटचे आठ शब्द म्हणजेच हॅश असल्यामुळं, किल्ली माहीत नसतानाही कुणीतरी तिथून पुढं ब्लॉक जोडत जाऊ शकतो. त्यासाठी एचमॅक ही किल्लीसह हॅश काढायची वेगळी रीत आहे. तुमच्या हॅशवर तो वीस ओळींत लिहून होतो.

वेगाच्या मागं लागू नका. नव्या इंटेल, एएमडी आणि एआरएम प्रोसेसरांत एसएचए-२५६ साठी वेगळ्या सूचनाच आहेत, हातानं लिहिलेला सी कोड त्यांना गाठत नाही. मामांच्या नक्षीच्या फाइली काही एमबीच्या. एंटर दाबून बोट उचलेपर्यंत उत्तर येतं.

शेडमध्ये आता अशी पद्धत आहे. नक्षी करणारा मुलगा हॅशचे पहिले आठ अंक व्हॉट्सॲपवर पाठवतो. मागाजवळच्या जुन्या संगणकावर पेनड्राइव्ह लावला की प्रोग्रॅम तेच आठ अंक मोठ्या अक्षरांत दाखवतो. चुकून बिघडलेल्या फाइलचे आठ अंक योगायोगानं जुळायची शक्यता चार अब्जांत एक, तेवढं आम्हाला पुरतं. मुद्दाम फसवणारा समोर असता तर चौसष्टही जुळवले असते. मामांना हेक्स वाचता येत नाही. ते माग चालू करायच्या आधी खडूनं खांबावर अंक लिहितात, मोबाइल शेजारी धरतात आणि एकेक अक्षर मोठ्यानं म्हणत जुळवतात.

गेल्या आठवड्यात त्यांचा फोन आला. "अरे, तिसरं अक्षर जुळंना. माग बंद ठेवलाय." पुन्हा फाइल मागवली, जुळलं, दुपारच्या पाळीत चादर चालू झाली.